कॉम्प्युटेशनल सायन्स चांगलं शिकवलं जातंय हे ओळखायचं कसं?

बारावीचे रिझल्ट लागले की ओळखीतले लोक विचारायला लागतात, अमुक कॉलेजला बीएस्सीला कॉम्प्युटेशनल असं काहीतरी नवीन आलंय ते घेऊ दे का मुलीला, आणि त्यापुढचे प्रश्न ठरलेले असतात, लॅबमध्ये कॉम्प्युटर किती, पायथन शिकवतात का, फी किती, पुढे नोकरी लागते का. मी नवी मुंबईत एका डिग्री कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि त्याच मुलांना कॉम्प्युटेशनलचे पेपर पण शिकवते, त्यामुळे मला माहितीये की या प्रश्नांच्या उत्तरांवरून त्या मुलीची तीन-चार वर्षं कशी जाणार याचा फारसा पत्ता लागत नाही. तो लागतो तिथले शिक्षक हा विषय शिकवतात कसा यावरून. आणि अडचण अशी आहे की चांगलं शिकवणं बाहेरून दिसत नाही, पालकांना दिसत नाही, प्रिन्सिपलना दिसत नाही, बऱ्याचदा शेजारच्या डिपार्टमेंटलाही दिसत नाही. ते कुठे दिसू शकतं आणि सध्या आपण ते कसं मोजतो, हे जरा सविस्तर सांगते.

आधी विषय काय ते, कारण गोंधळ इथूनच सुरू होतो. कॉम्प्युटर सायन्सचा विद्यार्थी कॉम्प्युटरबद्दल शिकतो, म्हणजे प्रोग्रॅम, डेटाबेस, नेटवर्क वगैरे. कॉम्प्युटेशनल सायन्समध्ये प्रश्न फिजिक्सचा असतो, केमिस्ट्रीचा असतो, हवामानाचा किंवा बायोलॉजीचा असतो, आणि कॉम्प्युटर लागतो कारण समीकरण कागदावर मांडता येतं पण हाताने सुटत नाही, किंवा प्रयोग करणं परवडत नाही, किंवा करताच येत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट करून बघू तापमान किती वाढतं, हा प्रयोग कोण करणार? १९६०च्या दशकात स्युकुरो मानाबे यांनी तो कॉम्प्युटरवर करून बघितला आणि २०२१ला फिजिक्सचं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यांत ते होते. २०१३चं केमिस्ट्रीचं नोबेल कार्प्लस, लेविट आणि वॉर्शेल यांना मिळालं ते मोठमोठ्या रेणूंच्या रिअ‍ॅक्शन कॉम्प्युटरवर कशा मांडायच्या यासाठी. आपल्याकडे १९९१ला परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर बनवणाऱ्या सी-डॅकचं एक केंद्र खारघरलाच आहे, त्यामुळे हे सगळं कुठेतरी परदेशात चालतं आणि आपला काय संबंध असं समजायचं कारण नाही.

आता डिग्रीच्या वर्गात हे कसं शिकवतात? बहुतेक ठिकाणी असं चालतं. सिलॅबसमध्ये प्रॅक्टिकलची यादी असते, बायसेक्शन, न्यूटन-राफसन, ट्रॅपेझॉइडल, ऑयलर, रुंगे-कुट्टा, म्हणजे हाताने न सुटणारी गणितं आकड्यांनी अंदाजे सोडवायच्या पद्धती. सर किंवा मॅडम बोर्डावर प्रोग्रॅम लिहितात, मुलं तो टाइप करतात, आउटपुट येतं, ते जर्नलमध्ये चिकटवतात, जर्नल सर्टिफाय होतं, एक्स्टर्नल म्हणजे बाहेरचे परीक्षक येतात, दोन प्रश्न विचारतात, संपलं. त्यातल्या शिक्षकांना दोष द्यायचा नाहीये मला. वीस-पंचवीस मशीनची लॅब, त्यातली काही बंद, एका बॅचला दोन तास, पोर्शन संपवायचाय, परीक्षा डोक्यावर, अशा परिस्थितीत माणूस जे करू शकतो ते करतो. पण सगळ्या बॅचच्या जर्नलमध्ये आउटपुट शेवटच्या आकड्यापर्यंत सारखं असतं, आणि त्या आकड्याचा अर्थ काय हे विचारलं की मूल गप्प बसतं. प्रोग्रॅम चालला म्हणजे उत्तर बरोबर, एवढंच त्याच्या मनात पक्कं झालेलं असतं, आणि नेमकी हीच समजूत या विषयात सगळ्यात घातक आहे.

याच्या उलट चांगली असाइनमेंट कशी असते ते एक उदाहरण घेऊन दाखवते, थोडं लांबेल पण ते बघितल्याशिवाय पुढचं पटणार नाही.

नवी मुंबईत राहणाऱ्यांना होल्डिंग पॉण्ड माहीत असतात, निदान बघून तरी. नेरूळच्या ज्वेलला लोक सकाळी चालायला जातात ना, तो मुळात होल्डिंग पॉण्डच आहे. वाशी, सानपाडा, बेलापूर, सगळीकडे आहेत. शहराचा बराच भाग भराव घालून केलेला आणि मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली, म्हणून सिडकोने वसवतानाच ही सोय केली की नाल्यांचं पाणी आधी या तलावांत येतं, तलाव आणि खाडीच्या मध्ये झडपा असतात, ओहोटीला खाडीची पातळी खाली गेली की झडप उघडते आणि तलावातलं पाणी बाहेर जातं, भरतीला पाण्याच्या दाबाने झडप बंद होते आणि खाडीचं पाणी आत येत नाही. मोठ्या भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला की बाहेर जायचा रस्ता बंद, आणि सगळं पाणी तलावाने सांभाळायचं.

हे एसवायच्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या मुलांना द्यायचं. आकडे सोपे धरायचे, तलाव १० हेक्टरचा, त्यात ज्या भागाचं पाणी येतं तो २०० हेक्टरचा, म्हणजे २० पट. तासाला ५० मिलीमीटर पाऊस पडला आणि सगळाच्या सगळा वाहून आला तर तलाव तासाला १००० मिलीमीटर म्हणजे एक मीटर चढणार. एवढं तर कॅल्क्युलेटरशिवाय होतं. आता झडप घाला. पाणी बाहेर जाण्याचा वेग तलाव आणि खाडी यांच्या पातळीतल्या फरकाच्या वर्गमूळाप्रमाणे बदलतो, आणि खाडीची पातळी स्वतः भरती-ओहोटीने सारखी वरखाली होतेय, सुमारे सव्वाबारा-साडेबारा तासांचं एक आवर्तन. आता कागदावर सुटत नाही. मग काय करायचं, वेळेचे छोटे छोटे तुकडे पाडायचे, आत्ता पातळी एवढी आहे, या तुकड्यात एवढं आलं, एवढं गेलं, म्हणून पुढची पातळी एवढी, परत पुढचा तुकडा. ही झाली ऑयलरची पद्धत, तीच जी जर्नलमध्ये प्रॅक्टिकल नंबर अमुक म्हणून असते.

पहिल्यांदा मुलं एक तासाचा तुकडा घेतात, कारण पावसाचे आकडे तासाचे असतात. प्रोग्रॅम व्यवस्थित चालतो, एरर नाही, ग्राफ पण येतो. आणि ग्राफमध्ये ओहोटीच्या वेळी तलावाची पातळी खाडीच्या पातळीच्याही खाली गेलेली दिसते. काही मुलांना ते दिसतच नाही, ग्राफ आला म्हणून खूष होऊन सेव्ह करून मोकळी होतात. पण कोणीतरी एक मूल म्हणतं, "मॅडम, एक मिनिट, तलावातलं पाणी खाडीत जातंय, मग ते खाडीपेक्षा खाली कसं जाईल?" इथे खरं शिकणं सुरू होतं. फॉर्म्युला चुकलेला नाही, कोड चुकलेला नाही. झालंय असं की तासाच्या सुरुवातीला जो वेग होता तोच पूर्ण तासभर धरलाय, प्रत्यक्षात पाणी कमी होत गेलं की वेगही कमी होत जातो, पण आपण तासभर त्याच्याकडे बघितलंच नाही. तुकडा दहा मिनिटांचा केला की तो प्रकार बराच कमी होतो, एक मिनिटाचा केला की जवळजवळ जातो, अर्ध्या मिनिटाचा केला तर उत्तर फारसं बदलतच नाही. तुकडा निम्मा केल्यावर उत्तर बदलत नसेल तरच त्यावर भरवसा ठेवायला सुरुवात करायची, ही सवय एकदा लागली की आयुष्यभर जात नाही.

मग दुसरी तपासणी. एकूण पाणी किती आलं, किती बाहेर गेलं, आणि तलावात किती शिल्लक आहे. आलेलं वजा गेलेलं बरोबर शिल्लक यायलाच पाहिजे, वाण्याच्या वहीसारखं, आणि नाही आलं तर कुठेतरी पाणी हवेतून तयार होतंय किंवा गायब होतंय, शोधा. कोडच्या शेवटी हा हिशोब छापणारी एक ओळ घालायला शिकवली नाही तर कोणी आपणहून घालत नाही, आणि मुलांची चूक बऱ्याचदा त्या एका ओळीत पकडली जाते.

मग कोणीतरी म्हणणारच, मॅडम २६ जुलै टाकून बघू. २००५च्या त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस नोंदला गेला. आपल्या तलावात गुणिले २०, म्हणजे झडप पूर्ण बंद राहिली तर जवळजवळ १९ मीटर. हा आकडा बघून वर्ग एकदम शांत होतो, आणि मग प्रश्न सुरू होतात. सगळं पाणी तलावात येईल कसं, काही जमिनीत मुरेल, काही रस्त्यावरच साठेल. पण काँक्रीटच्या शहरात मुरणार किती? तलावात गाळ भरलाय, खारफुटी वाढलीये, तिला कायद्याचं संरक्षण आहे म्हणून गाळ काढायच्या परवानगीचा प्रश्न येतो, तर तलावाची क्षमता निम्मी धरली तर काय होतं? आता मुलं मॉडेलबद्दल विचार करायला लागली, कोडबद्दल नाही. गणित बरोबर सोडवलं का हा एक प्रश्न, आणि आपण बरोबर गणित सोडवतोय का हा दुसरा. दोन्ही वेगळे आहेत आणि डिग्रीच्या मुलाला हा फरक कळला तर माझ्या मते निम्मा अभ्यासक्रम झाला.

याच असाइनमेंटमधली एक गोष्ट मला फार आवडते. भरतीची वेळ कुठून आणायची, तर सरकारी तक्ते असतात. पण दिवाळे कोळीवाड्यातला एक मुलगा म्हणाला की मॅडम आमचा आजा तक्ता बघत नाही, तिथीला पाऊण तासाने गुणतो आणि भरती कधी ते सांगतो. कोळीवाड्यांत हा हिशोब पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. मग वर्गाने तो तपासायला घेतला. एका चांद्रमासात ३० तिथी, आणि तेवढ्यात भरतीची वेळ पूर्ण २४ तास सरकून परत जागेवर येते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. आजोबांचा हिशोब ४५ मिनिटांचा. तिथीमागे तीन मिनिटांची तूट, पंधरा तिथींत पाऊण तास होते. तोंडी करायच्या हिशोबासाठी हे किती चांगलं अ‍ॅप्रॉक्सिमेशन आहे, कुठे चालेल, कुठे नाही, होडी काढायला चालेल पण आपल्या झडपेच्या मॉडेलला चालेल का, यावर जी चर्चा झाली ती मी पुस्तकातून घडवून आणू शकले नसते. घरातली माहिती विज्ञानाच्या टेबलावर ठेवून तिची चूक किती हे मोजलं आणि तिचा मानही राहिला.

आकड्यावर भरवसा ठेवायचा की नाही याला मी एवढं महत्त्व का देते? कारण याची किंमत माणसांनी जिवाने मोजलीये. २५ फेब्रुवारी १९९१, आखाती युद्ध, सौदी अरेबियात धहरानला अमेरिकेची पॅट्रिअट क्षेपणास्त्र यंत्रणा लावलेली होती. तिचं आतलं घड्याळ एक दशांश सेकंदाच्या टिक्स मोजायचं. आता आपण एक दशांश म्हणजे ०.१ असं सरळ लिहितो, पण कॉम्प्युटर सगळं दोनच्या हिशोबात लिहितो आणि त्यात एक दशांश कधी संपतच नाही, जसा आपल्याकडे एक तृतीयांश ०.३३३ करत चालत राहतो तसा. कुठेतरी तोडावा लागतो. त्या यंत्रणेत २४ बिटला, म्हणजे दोनच्या हिशोबातल्या २४ अंकांवर तोडलेला होता. चूक अगदीच बारीक, पण यंत्रणा सलग सुमारे १०० तास चालू होती आणि तेवढ्यात घड्याळ साधारण ०.३४ सेकंदाने चुकलं. स्कड क्षेपणास्त्र तेवढ्या वेळात अर्ध्या किलोमीटरच्या वर पुढे जातं. यंत्रणेने चुकीच्या ठिकाणी बघितलं, स्कड अडवलं गेलं नाही, आणि २८ सैनिक गेले. हे वर्गात सांगायचं आणि लगेच मुलांना पायथनमध्ये ०.१ दहा वेळा मिळवायला लावायचं. उत्तर १ येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं. ज्या मुलाने वेळ बरोबर १ झाली की थांब असं लिहिलेलं असतं त्याचा प्रोग्रॅम थांबतच नाही. ते एकदा स्वतःच्या मशीनवर बघितलं की परत सांगावं लागत नाही.

तर असं शिकवणारे शिक्षक आहेत आपल्याकडे, ठाण्यात आहेत, वाशीत आहेत, पनवेलला आहेत, मी त्यांच्यातल्या काहींना ओळखते, रविवारी बसून असाइनमेंट तयार करतात, चाळीस मुलांचे चाळीस वेगळे ग्राफ तपासतात. त्यांची दखल कशी घेतली जाते ते बघू.

युजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे नियम आहेत ज्यांच्यावर प्रमोशन चालतं, स्टाफरूममध्ये ज्याला कॅस म्हणतात ते. त्यात शिकवण्याचं मोजमाप असं आहे की तुम्हाला नेमून दिलेल्या लेक्चरपैकी किती घेतली. ८० टक्के किंवा जास्त घेतली तर चांगलं, ७० ते ८० मध्ये असलात तर समाधानकारक, ७०च्या खाली असमाधानकारक. लेक्चर घेतलं हे मोजलं जातं, लेक्चरमध्ये काय झालं हे नाही. संशोधनाच्या तक्त्यात सायन्सच्या एका रिसर्च पेपरला ८ गुण, आणि शिकवण्याची नवीन पद्धत विकसित केली तर ५. म्हणजे नावापुरती दखल आहे, ते मान्य करायलाच हवं, पण ती पद्धत खरंच चांगली आहे का हे बघणार कोण आणि कशावरून, हे तिथे उलगडत नाही. पेपरला निदान रेफरी, म्हणजे छापण्याआधी तपासणारे त्या विषयातले जाणकार असतात. असाइनमेंटला कोण रेफरी? मग एखादा हुशार, मेहनती शिक्षक साहजिकच पेपर लिहायला बसतो, त्याचंही घर आहे, त्यालाही प्रमोशन हवंय.

कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या निकषांत टीचिंग-लर्निंगचा निकष आहे, पण तिथे संपूर्ण कॉलेज तपासलं जातं, एखाद्या मॅडमनी सेमिस्टर तीनमध्ये काय वेगळं केलं ते त्या फायलींत बुडून जातं. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार २०२३ पासून कॉलेजच्या शिक्षकांनाही मिळायला लागले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण सगळ्या देशातल्या सगळ्या विषयांच्या शिक्षकांतून मूठभर निवडणार, त्यातून आपल्या शेजारच्या कॉलेजातलं काम कधी पुढे येणार?

राहिले विद्यार्थ्यांचे फीडबॅक फॉर्म. मुलांचं म्हणणं ऐकायलाच पाहिजे, पण फक्त त्यावर विसंबायचं तर मोठी अडचण आहे. हार्वर्डमध्ये फिजिक्सच्या सुरुवातीच्या कोर्सच्या मुलांवर एक अभ्यास झाला, तो २०१९ला प्रसिद्ध झाला. काहींना छान, ओघवतं लेक्चर दिलं, काहींना तोच भाग स्वतः गटात सोडवायला लावून शिकवला, मग बाजू बदलल्या. ज्यांनी स्वतः सोडवलं ती मुलं चाचणीत जास्त शिकलेली निघाली, पण आपण किती शिकलो असं वाटतं हे विचारलं तेव्हा लेक्चर ऐकणाऱ्यांनी स्वतःला जास्त मार्क दिले. ओघवतं लेक्चर ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं आणि स्वतः सोडवताना आपण अडखळतो, म्हणून कमी शिकलो असं वाटतं. आता विचार करा, होल्डिंग पॉण्डवर तीन आठवडे मुलांना घाम काढायला लावणाऱ्या मॅडमचा फीडबॅक फॉर्म कसा येईल, आणि बोर्डावर कोड लिहून देऊन मुलांना वेळेत घरी सोडणाऱ्यांचा कसा येईल.

मग ओळखायचं कशावरून? माझं स्पष्ट मत आहे की असाइनमेंट मागा आणि मुलांचं काम मागा. शिक्षकाची मुलाखत घेऊ नका, पीपीटी मागू नका, त्याने दिलेला प्रश्न आणि त्यावर मुलांनी लिहिलेली उत्तरं, चांगली आणि कच्ची दोन्ही, समोर ठेवा. त्या प्रश्नाला एकच उत्तर आहे का, की मुलाला काहीतरी ठरवावं लागतं? आपलं उत्तर का खरं मानायचं हे मुलाला लिहायला लावलंय का? हे विचारलेलं नसेल तर बाकी कितीही आकर्षक सॉफ्टवेअर असू दे. आणि सेमिस्टरच्या सुरुवातीचं आणि शेवटचं, एकाच मुलाचं काम शेजारी ठेवून बघा. पहिल्या कामात लिहिलेलं असतं, प्रोग्रॅम यशस्वीरीत्या रन झाला. शेवटच्यात जर लिहिलेलं असेल की तुकडा निम्मा केल्यावर पातळी दोन सेंटीमीटरने बदलली, म्हणून उत्तर दोन-तीन सेंटीमीटरपर्यंतच भरवशाचं आहे, तर त्या वर्गात शिकवणं झालंय. त्याला आणखी पुरावा नको.

आता एआय आल्यापासून तर हे जास्तच गरजेचं झालंय. ऑयलरचा कोड एआय काही सेकंदांत लिहून देतं, आणि चांगला लिहून देतं. कोडला मार्क देणारी प्रॅक्टिकल परीक्षा त्यामुळे पोकळ झालीये, मुलांना ते कळलंय आणि शिक्षकांनाही. पण तासाचा तुकडा घेतल्यावर पाणी खाडीखाली गेलं हे ग्राफकडे बघून ओळखणं, आणि त्याचं कारण ओरलमध्ये स्वतःच्या शब्दांत सांगणं, ते मुलालाच करावं लागतं.

आणखी एक कसोटी, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे दुसऱ्या कॉलेजच्या शिक्षकाला ते उचलता येतं का. चांगलं शिकवणारी व्यक्ती रिटायर झाली किंवा सोडून गेली की तिचं काम तिच्याबरोबर जातं, हे आपण किती वेळा बघितलंय. अमेरिकेत १९९०च्या दशकात तिथल्या ऊर्जा खात्याच्या पाठबळाने खास पदवीच्या कॉम्प्युटेशनल सायन्स शिकवण्याला पुरस्कार द्यायला सुरुवात झाली होती. ऊर्जा खात्याला यात रस का, तर लॉस अ‍ॅलमॉससारख्या त्यांच्या प्रयोगशाळा सुपरकॉम्प्युटरवर चालतात आणि तिथे काम करायला अशीच तयार मुलं लागतात. अमेरिकेतच फिजिक्सच्या शिक्षकांचा पिकअप नावाचा गट आहे, ते वर्गात वापरलेल्या कॉम्प्युटेशनल असाइनमेंटचे संच, शिक्षकांसाठीच्या सूचनांसकट, दुसऱ्या शिक्षकांकडून तपासून घेऊन सगळ्यांना खुले करतात. असाइनमेंटला रेफरी कोण हा जो प्रश्न मी वर विचारला त्याचं हे सरळ उत्तर आहे, दुसरा शिक्षक. आपल्याकडे आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प आहे, त्यात देशभरच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं सायलॅब या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कोड करून खुली केलीयेत, आणि आयआयटी मुंबईच्याच स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतूनही शिकता येतं. म्हणजे काम खुलं करायची सवय आपल्याला नवीन नाही, फक्त शिक्षकाच्या असाइनमेंटपर्यंत ती अजून पोचलेली नाही.

जानेवारी २०२५ मध्ये युजीसीने नव्या नियमांचा जो मसुदा जाहीर केला त्यात गुणांच्या तक्त्याऐवजी उल्लेखनीय योगदानाच्या नऊ बाबी दिल्या, त्यात नावीन्यपूर्ण अध्यापन ही एक आणि भारतीय भाषांतून अध्यापनातलं योगदान ही आणखी एक. त्या मसुद्यावर इतर मुद्द्यांवरून बराच वाद झाला, ते वेगळं. पण ही बाब कागदावर आली हे मला महत्त्वाचं वाटतं. उद्या कोणी विचारलं की नावीन्यपूर्ण म्हणजे काय दाखवा, तर दाखवायला काहीतरी तयार असलं पाहिजे, आणि ते आत्तापासून जमवायला लागेल.

त्यासाठी फार पैसे लागत नाहीत. ठाणे-नवी मुंबईतल्या चार-पाच कॉलेजांनी ठरवलं की दर सेमिस्टरला प्रत्येक डिपार्टमेंटने एक असाइनमेंट, दोन-तीन मुलांचं काम नाव काढून, आणि काय जमलं नाही याचं एक पान, एवढं एकमेकांना द्यायचं आणि दुसऱ्याची असाइनमेंट आपल्या वर्गात वापरून बघून त्यावर लेखी अभिप्राय द्यायचा, तर वर्षभरात कोण काय करतंय हे सगळ्यांना कळेल. तो अभिप्राय शिक्षकाच्या फायलीत लागला पाहिजे, पेपरच्या शेजारी. ट्रान्सहार्बर लोकलने अर्ध्या तासात ठाण्याहून वाशीला येता येतं, एकमेकांच्या लॅबमध्ये बसायला अडचण काय आहे? एक्स्टर्नल म्हणून जातोच की आपण, तेच एकदा परीक्षा नसताना जायचं.

आणि दुसऱ्याची असाइनमेंट घेतली म्हणजे कॉपी केली असं होत नाही, कारण जागा बदलली की विज्ञानच बदलतं. होल्डिंग पॉण्डची असाइनमेंट ठाण्याच्या मुलांना तलावपाळीवर, म्हणजे मासुंदा तलावावर करायला दिली की भरती-ओहोटी आणि झडप दोन्ही निघून जातात, मासुंदा तलावाला खाडीशी तसं देणंघेणं नाही. मग पाणी जातं कुठे? बाष्पीभवन घ्यावं लागतं, ते उन्हावर, वाऱ्यावर, दमटपणावर अवलंबून, आणि मिनिटांचा हिशोब महिन्यांचा होतो. एक मिनिटाचा तुकडा घेऊन वर्षभर चालवलं तर पाच लाखांच्या वर पायऱ्या, गरज आहे का एवढ्याची, एक दिवसाचा तुकडा चालेल का, हे परत मुलांनाच शोधावं लागतं. वाशीला ज्या मॅडमनी प्रश्न तयार केला त्यांना हे सुचलेलं नसतं, ठाण्याचे सर ते त्यांना लिहून पाठवतात, आणि पुढच्या वर्षी वाशीच्या वर्गात दोन्ही तलाव असतात.

पालकांसाठी आणि अ‍ॅडमिशन घेणाऱ्या मुलांसाठी सांगायचं तर ओपन हाऊसला किंवा चौकशीला गेलात की लॅब बघाच, पण मागच्या वर्षीचा एक प्रोजेक्ट रिपोर्ट बघायला मागा. त्यात कोडची पानं किती ते सोडून द्या, ग्राफच्या खाली काय लिहिलंय ते वाचा. उत्तर कुठपर्यंत खरं आहे आणि कुठे नाही हे विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेलं सापडलं तर तो रिपोर्ट ज्यांच्या हाताखाली झाला त्यांचं नाव विचारा, आणि ऑफिसमध्ये सांगा की आम्ही त्यांच्यामुळे इथे येतोय. हे वाक्य ऑफिसमध्ये फारसं कोणी बोलत नाही, म्हणून ते प्रिन्सिपलपर्यंत लवकर पोचतं.